कॅप आधी, शूज नंतर

कपड्यांचे इंग्रजी शब्द आणि फोनिक्स (अक्षरांचे आवाज जोडून वाचणं) एकत्र शिकवणार असाल, तर सुरुवात 'कॅप' आणि 'हॅट'पासून करा. तीनच अक्षरं, तीनच आवाज. मूल स्वतः जोडून वाचतं. 'शूज' तोंडी खुशाल शिकवा, पण वाचायला लावायची घाई नको, त्याचं स्पेलिंग नवख्याला चकवतं. 'कॅप–कप', 'हॅट–हट' या जोड्या रोज म्हणून घ्या. 'ॲ' म्हणताना जबडा जास्त खाली जातो. हनुवटीखाली हात धरायला सांगा, फरक हातालाच कळतो. मला हे फार उशिरा सुचलं.

वर्णनात आधी आकार, मग रंग: 'अ बिग रेड हॅट'. नियम सांगत बसू नका. खरी टोपी हातात द्या आणि बोलू द्या. 'ट्राउझर्स' एकच असली तरी 'इज' नाही, 'आर' येतं, तेवढं जाता जाता सांगा.