अवकाश वसाहतीत कॉलेज काढताय? मग दिवाळीच्या सुट्टीचा हिशेब आधी करा

प्रश्न ऐरोलीच्या एका पहिल्या वर्षाच्या इंजिनिअरिंग विद्यार्थ्याचा आहे. स्पर्धेसाठी फिरत्या अवकाश वसाहतीतलं निवासी कॉलेज आखायचंय. वसाहत म्हणजे चाकासारखी गोल वाकवलेली नळी: बाहेरच्या कडेपर्यंत त्रिज्या २२४ मीटर, मिनिटाला २ फेऱ्या, नळीचा व्यास ३० मीटर, वस्ती २,०००, त्यात ५०० विद्यार्थी. पहिल्या वर्षाच्या मुलाचा दिवस कसा जाईल, चक्कर येईल का, खोली केवढी द्यावी, असं विचारलंय. सोबतच्या वेळापत्रकात शेवटी एक ओळ आहे: दिवाळीला १५ दिवस सुट्टी, सगळे विद्यार्थी शेजारच्या वसाहतीत आपापल्या घरी.

मी लिहायला बसलो ते त्या शेवटच्या ओळीमुळे. आधी चक्कर आणि खोली उरकतो.

२२४ मीटर आणि २ फेऱ्या हा मेळ बरोबर आहे, नळीच्या बाहेरच्या कडेला पृथ्वीइतकंच वजन मिळतं, नळीच्या मध्यात ते जरासं कमी. या वेगाला बहुतेक माणसं रुळतात, फक्त बाकं नीट लावा. दोन्ही कानांतून जाणारी रेघ वसाहतीच्या आसाला समांतर हवी, म्हणजे फळा फिरण्याच्या दिशेला किंवा बरोबर उलट दिशेला. मग वहीत बघणं, फळ्याकडे बघणं ही मान वर-खाली करण्याची हालचाल त्रास देत नाही. शेजाऱ्याकडे झटकन मान वळवली की मात्र पहिल्या आठवड्यात मळमळेल. पलंग आसाला समांतर ठेवा. दीड मीटरवरून सोडलेला चेंडू फिरण्याच्या उलट बाजूला सुमारे १२ सेंटिमीटर सरकून पडेल, ३० सेंटिमीटर उंचीवरून ओतलेला चहा १ सेंटिमीटर. ६० किलोचा मुलगा सेकंदाला ३ मीटरने फिरण्याच्या दिशेने धावला तर ६८ किलोंचा वाटेल, उलट धावला तर ५३ चा. मैदान आखताना धावपट्टी आसाला समांतर घ्या, मग हा फरक पडत नाही.

खोलीचं उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. नळीच्या मध्यातून, म्हणजे आसापासून २०९ मीटरवर, जमीन टाकली तर ती जेमतेम ३९,००० चौरस मीटर भरते, माणशी २० चौरस मीटरसुद्धा नाही. त्यात वर्ग, मेस, दवाखाना, रस्ते, सगळं आलं. १९७५ च्या स्टॅनफर्ड टोरसमध्ये, म्हणजे वाशीच्या खाडीपुलाच्या लांबीएवढा व्यास आणि १०,००० वस्ती असलेल्या अवकाश वसाहतीच्या आराखड्यात, माणशी सुमारे ६८ चौरस मीटर होते. तेव्हा दोघांत १० चौरस मीटरची खोली द्या आणि पुढे चला. शेती या जमिनीवर मावणारच नाही. पूर्ण अन्न पिकवायला माणशी ४० चौरस मीटर धरले तरी ८०,००० होतात, त्यामुळे ती मजल्यांवर, कृत्रिम प्रकाशात करावी लागेल.

आता दिवाळी. एक माणूस दिवसाला साधारण १ किलो सीओटू (कार्बन डायऑक्साइड) सोडतो. २,००० माणसांचे २,००० किलो झाले, आणि तुमची पिकं रोज तेवढेच उचलतील या हिशेबाने लावलेली असणार. वसाहतीतल्या हवेचं आकारमान येतं ९.३ लाख घनमीटर. सीओटूचा दाब ०.१ किलोपास्कल ठेवला, म्हणजे बाहेरच्या हवेच्या अडीचपट, तर अख्ख्या वसाहतीच्या हवेत मिळून तो भरतो १,७०० किलोंच्या आसपास. एका दिवसाच्या श्वासापेक्षाही कमी! इमारतींनी अडवलेली जागा वजा केली तर आणखी कमी.

५०० मुलं निघून गेली की रोज ५०० किलो कमी पडतात. दुसऱ्या दिवसाच्या शेवटी हवा पृथ्वीच्या पातळीला येते, तिसऱ्या दिवशी पिकांची वाढ मंदावते, आणि त्यानंतर दाणा भरण्याच्या अवस्थेतला भात कायमचा मागे पडतो. मुलं परतल्यावर उलटं होतं. मंदावलेली किंवा मधेच कापून टाकलेली पिकं वाढीव ५०० किलो उचलत नाहीत आणि दाब रोज ०.०३ किलोपास्कलने चढतो. दहा दिवसांत तो अंतराळ स्थानकातल्या पातळीला पोचतो, आणि तिथे अंतराळवीरांनी डोकेदुखीच्या तक्रारी केलेल्या आहेत.

उपाय पेंढ्यात आहे. भाताच्या पिकाचं निम्मं वजन पेंढ्यात जातं आणि त्यातला कर्ब अडकून राहतो. सुट्टीआधी पेंढा साठवायचा आणि सुट्टीत भट्टीत जाळायचा. १ किलो सुक्या पेंढ्यातून सुमारे दीड किलो सीओटू मिळतो, म्हणजे रोज ३३० किलो पेंढा लागेल, १५ दिवसांना जवळपास ५ टन. ओलावा १५ टक्क्यांच्या खाली आणायचा, नाहीतर पेंढा धुमसतो आणि कार्बन मोनॉक्साइड निघतो. राख विरघळवून पुन्हा पिकांच्या पाण्यात द्यायची. हे साठवण आदल्या कापणीपासून करावं लागतं, म्हणून सुट्टीत कोण राहणार आणि कोण जाणार ही रेक्टरची यादी शेती विभागाला गणपतीतच मिळायला हवी. याहून सोपं म्हणजे शंभर-शंभरच्या पाच तुकड्यांत सुट्टी द्या. मग फरक ५ टक्क्यांवर येतो आणि तो भट्टीशिवायही सांभाळता येतो.

प्रवेशालाही हेच लागू. पहिल्या वर्षाची १२५ मुलं एका दिवशी आली तर त्यांच्या वाट्याची पिकं तीन-चार आठवडे आधी पानांनी भरलेली हवीत, आणि भात ताटात यायला चार महिने लागतात. आपल्याकडचे कॅप राउंड (केंद्रीय प्रवेश फेऱ्या) लांबतात तसे तिथे लांबवून चालणार नाही.

‘झाडं लावली की हवेचा प्रश्न सुटतो’ हे मी ठाण्यातल्या एका सहकाऱ्याकडून वर्षानुवर्षं ऐकत आलोय, आणि ते चूक आहे. पूर्ण वाढलेली हिरवळ जेवढा ऑक्सिजन देते, जवळपास तेवढाच तिची कुजणारी पानं आणि माती परत घेते. अ‍ॅरिझोनातल्या बायोस्फिअर २ मध्ये आठ माणसं आणि १.२७ हेक्टर झाडोरा होता. सप्टेंबर १९९१ मध्ये दारं बंद केली, आणि १६ महिन्यांत ऑक्सिजन २०.९ वरून सुमारे १४ टक्क्यांवर आला. सुपीक मातीतले जिवाणू तो खात होते, आणि त्यांनी सोडलेला सीओटू उघडं काँक्रीट शोषत होतं, त्यामुळे झाडांना तो परत मिळालाच नाही. शेवटी बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला. तुमच्या चित्रातल्या काँक्रीटच्या भिंतींना लेप द्या, निदान तसं लिहा.

तुमच्या विषयाला सगळ्यात जवळचा प्रयोग बीजिंगच्या बेहांग विद्यापीठातला. मे २०१७ ते मे २०१८ असे ३७० दिवस तिथले आठ विद्यार्थी चार-चारच्या दोन तुकड्यांत बंद वसाहतीत राहिले: पहिली तुकडी ६० दिवस, मग दुसरी २००, पुन्हा पहिली ११०. तुकडी बदलली की श्वासाचा भार बदलतो, म्हणजे तुमच्या सुट्टीचंच छोटं रूप. त्याचा अभ्यास करा, घुमट रंगवण्यात वेळ घालवू नका.

मेसमध्ये गॅस नको. १४.२ किलोंचा एक सिलिंडर जळायला ५१ किलो ऑक्सिजन लागतो, एका मुलाचा दोन महिन्यांचा. इंडक्शन ठेवा. फोडणी झाकणाखाली आणि वेगळ्या तेलगाळणीसकट, नाहीतर तेलाचे कण कोळशाच्या गाळणीवर बसून ती निकामी करतात. मुलांच्या सामानात हेअर सीरम आणि सिलिकॉनवाली क्रीम चालणार नाहीत. अशा वस्तूंतून हवेत जाणाऱ्या सिलॉक्सेनपासून बनलेलं एक संयुग २०१० मध्ये अंतराळ स्थानकाच्या पाणी शुद्धीकरणातून पार होऊन पिण्याच्या पाण्यापर्यंत पोचलं होतं.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. हवा पिकांऐवजी झिओलाइटच्या, म्हणजे सीओटू धरून ठेवणाऱ्या खनिजाच्या, यंत्रांनी स्वच्छ करणार असाल तर सुट्टीचा हा सगळा पेच उरत नाही, पण मग अन्न बाहेरून आणावं लागतं. दोन्हींपैकी काय निवडलंय ते पहिल्या पानावर लिहा.

आणि प्रकल्पात मोजलेला आकडा हवा असेल तर हॉस्टेलची खोली रात्रभर बंद ठेवून सीओटू मोजा. त्यासाठी एमक्यू-१३५ हा गॅस सेन्सर घेऊ नका, तो अल्कोहोल आणि अमोनियालाही तसाच वर जातो. एमएच-झेड१९ सारखा इन्फ्रारेड सेन्सर घ्या, अर्धा तास गच्चीवर मोकळ्या हवेत ठेवून शून्य बांधा आणि त्याचं आपोआप होणारं कॅलिब्रेशन बंद करा. नाहीतर बंद खोलीतली सर्वांत कमी पातळीच तो मोकळ्या हवेची, म्हणजे ४०० पीपीएम (दहा लाखांत ४०० भाग), धरून बसतो आणि दुसऱ्या दिवसापासून सगळे आकडे खोटे येतात.