जांभळाच्या बिया, नळी आणि सासरे

प्रश्न : माझ्या भाचीने एमएस्सीला जांभळाच्या बियांच्या अर्कावर प्रोजेक्ट केला. ‘मधुमेहविरोधी 82 टक्के, अँटिऑक्सिडंट 91 टक्के’ असा निकाल आला. ते ऐकल्यापासून सासऱ्यांनी (वय 67) मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी बंद करून रोज दोन चमचे बियांची पूड सुरू केली आहे. भाची म्हणते, प्रयोग चुकलेला नाही. आम्ही काय समजायचं?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : प्रयोग चुकला नसेलही. पण 82 टक्के कशाचे, ते आधी बघा. साखर 82 टक्के उतरली, असा त्याचा अर्थ नाही. या चाचणीत नळीत स्टार्च घालतात, ते फोडून साखर करणारं अमायलेज हे एन्झाइम घालतात (बहुधा डुकराच्या स्वादुपिंडातलं, हे सासऱ्यांना सांगू नका), वर अर्क. मग डीएनएसए (साखर असली की रंग बदलणारं रसायन) घालून उकळायचं. स्टार्च फुटलं असेल तर नारिंगी-लाल रंग चढतो. रंग जितका फिका, तितकं एन्झाइम अडलं. यात ना पोट आहे, ना यकृत, ना माणूस.

माझ्या प्रयोगशाळेतली एक फजिती सांगते. हिरड्याच्या अर्काने अमायलेज जवळजवळ पूर्ण थांबवलं. मुलांनी पेढे आणले. दुसऱ्या दिवशी मी नळी उजेडात धरली, तर आत गढूळ साका. हिरड्यातलं टॅनिन! ज्या गुणामुळे ते कातडं कमवायला वापरतात, त्याच गुणाने ते समोर येईल त्या प्रथिनाला चिकटतं. एन्झाइमही प्रथिनच. पेढे तेवढे खरे निघाले. जांभळाची बी तोंडात तुरट लागते ना, ते तुरटपण टॅनिनचंच.

अँटिऑक्सिडंटचं तर विचारूच नका. डीपीपीएच या चाचणीच्या रसायनाचं जांभळं द्रावण पिवळं पडलं की झालं. मी एकदा त्यात स्टाफरूममधला कोरा चहा टाकला होता, बघता बघता पिवळं! म्हणून चहाने कुणाचा मधुमेह गेला नाही.

शिवाय भाचीने अर्क कशात काढला? मिथेनॉलमध्ये (एक प्रकारचं अल्कोहोल) काढला असेल, तर तो अर्क आणि सासऱ्यांची पूड या दोन वेगळ्या वस्तू झाल्या.

‘झाडपाल्याचं ते चांगलं’ असं सासऱ्यांचं म्हणणं असेल, तर त्यांना सांगा, त्यांनी सोडलेली गोळीही झाडाच्याच वंशातली आहे. युरोपातल्या गॅलेगा या वनस्पतीतलं गॅलेजिन मधुमेह्यांना देऊन पाहिलं, ते विषारी ठरलं. त्याच्याच रासायनिक नात्यातलं मेटफॉर्मिन फ्रान्सच्या जाँ स्टर्न यांनी रुग्णांना देऊन 1957 साली निष्कर्ष छापले. म्हणजे नळीतून गोळीपर्यंत यायला माणसांवरच्या चाचण्या लागल्या.

तेव्हा या आठवड्यातच त्यांना डॉक्टरांकडे न्या, पुडीची डबी सोबत घ्या, आणि उपाशीपोटीची साखर व एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) दोन्ही करून घ्या. गोळी पुन्हा सुरू करताना पूड चालू आहे हे लपवू नका. सोबत साखर उतरवणारी दुसरी गोळी किंवा इन्सुलिन असेल, तर विशेषच.

भाचीला माझ्या वतीने एवढंच विचारा : नळी गढूळ झाली होती का? वहीत नोंद असेल.