इंजेक्टर बदलण्याआधी डेड टाइम बघा (टर्बो स्विफ्ट, आयडलिंगचा प्रॉब्लेम)

तुमची पोस्ट वाचली आणि माझ्या एस्टीमचे दिवस आठवले. स्विफ्टला टर्बो, 550 सीसीचे (मिनिटाला एवढं पेट्रोल फवारणारे) सेकंडहँड पिंटल इंजेक्टर (टोकाला सुई असलेले, जुन्या पद्धतीचे), दिवसा पेट्रोलचा वास, रात्री लाईट-एसी लावला की सिग्नलला गाडी बंद, आणि आता विचारताय की ते काढून बॉशचे ईव्ही14 (नव्या पद्धतीचे इंजेक्टर) टाकू का. डिट्टो माझीच स्टोरी.

सीसीचा हिशोब, ड्यूटी सायकल (इंजेक्टर किती टक्के वेळ उघडा राहतो ते) 80-85 टक्क्यांच्या वर न्यायची नाही, हे तुम्हाला माहीतच असणार. सोडतो.

माझं सगळ्यात जास्त नुकसान झालं ते डेड टाइममुळे. करंट मिळाल्यापासून इंजेक्टर प्रत्यक्ष उघडेपर्यंत जो वेळ जातो तो, आणि व्होल्टेज पडलं की हा वाढतो. मी चार इंजेक्टर पिशवीत घालून आणले, डेटा शीट नाही काही नाही, आणि ट्यूनरने (इंजिनचं सेटिंग करणारा, नाव घेत नाही) आधीच्या कुठल्यातरी गाडीचं डेड टाइमचं टेबल माझ्या ईसीयूत (इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये) तसंच ढकललं. आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) पल्सच, म्हणजे इंजेक्टर उघडायचा सिग्नल, मुळात दोनेक मिलिसेकंदाचा, त्यात 0.3 ची चूक म्हणजे केवढी झाली बघा! स्वारगेटच्या सिग्नलला पाऊस, वायपर, हेडलाईट, मागे पीएमटीवाला हॉर्न मारतोय आणि माझी गाडी गचके खाऊन बंद. व्होल्टेज पडलं की मिक्श्चर लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त), त्याने आरपीएम पडणार, त्याने अल्टरनेटर अजून ढिला. यावर साहेबांचा उपाय काय, तर आयडलला पेट्रोल वाढव. म्हणून दिवसा वास आणि काळे प्लग. सात महिने प्लग, मॅप सेन्सर, पंप सगळं बदलायला लावलं, बिल दरवेळी वेगळं. शेवटी मीच बॅटरीला मल्टिमीटर लावला, लाईट-एसी टाकल्यावर 14.1 व्होल्टचं 12.2 झालं आणि एएफआर मीटर (हवा-पेट्रोलचं प्रमाण, आकडा वाढला की लीन) 14.5 वरून थेट 17. असो.

मी काही इंजिनियर नाही, पण माझं मत, ईव्ही14 च घ्या. जुने पिंटलवाले बरेचसे 2-3 ओहमचे असतात, ईसीयूतल्या साध्या ड्रायव्हर सर्किटवर डायरेक्ट लावले तर ते सर्किट जळतं, रेझिस्टर टाकला तर उघडायला अजून उशीर, शिवाय टोकावर कार्बन बसून स्प्रे वाकडा होतो तो वेगळाच. ईव्ही14 साधारण 12 ओहमचा, पुढे बारीक भोकांची प्लेट, फवारा बारीक. चार व्हॉल्व्हचं हेड असेल तर दोन फवाऱ्यांचा घ्या आणि बसवताना दिशा बघा, मी एक 90 अंशात फिरवून बसवला होता, दोन्ही फवारे व्हॉल्व्ह सोडून भिंतीवर. डायरेक्ट इंजेक्शन कितीही भारी असलं तरी आपल्या हेडला बसत नाही, विषय संपला.

विकणाऱ्याला आधी विचारा, सीसी किती बारला (पेट्रोलच्या प्रेशरला) मोजलंय. 3 बारला 550 देणारा 4 बारला 635 च्या आसपास देतो, तोच मोठा आकडा सांगून विकतात. आणि आता ई20 (20 टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) आहे, 7-8 टक्के पेट्रोल जास्त लागतं, ते धरूनच साईझ काढा. व्होल्टेजनुसार डेड टाइमचा तक्ता मिळत नसेल तर फुकट दिले तरी घेऊ नका. (आरटीओ आणि इन्शुरन्सचं तुमचं तुम्ही बघा, मी सांगितलं म्हणून काही करू नका.)

अजून एक, ओ-रिंग नवीनच टाका, थोडं इंजिन ऑइल लावून. मग स्टार्टर न मारता नुसती चावी ऑन करून चारही ठिकाणी बोट फिरवा. माझी तिसरी ओली लागली होती.