सोलापुरात उन्हाळ्यात पारा ४३-४४ वर जातो, मग ८५ अंशांचा कपॅसिटर का टिकत नाही? १०५ चाच घ्यावा का?

हो, १०५ चाच घ्या. तुम्ही हवेचं तापमान धरलंय, पण कपॅसिटरवर, म्हणजे चार्ज साठवणाऱ्या त्या भागावर, छापलेला आकडा त्याच्या स्वतःच्या तापमानाचा असतो.

मी इथे यंत्रमागाच्या भागात पॉवर सप्लाय दुरुस्त करतो. परवा पत्र्याच्या शेडमधून एक आला. उघडला तर हवेच्या जाळीवर टॉवेलच्या सुताची लव गादीसारखी बसलेली. आत हीट सिंकला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्याला) अगदी खेटून १००० मायक्रोफॅरडचा (हे क्षमतेचं माप) कपॅसिटर, डोक्यावरची फुली फुगून वर आलेली, अंगावर '८५ अंश' छापलेलं. बाहेर ४३ असले तरी अशा कोंडलेल्या डब्यात सहज ६०-६५ होतात. त्यात रिपल करंटमुळे, म्हणजे त्यातून सतत ये-जा करणाऱ्या चढउताराच्या करंटमुळे, तो आतूनही तापतो.

दुसरी गोष्ट तासांची. ती बहुतेक वेळा कपॅसिटरवर नसते, डेटाशीटमध्ये असते. '१०५ अंश, २००० तास' म्हणजे सतत १०५ अंशांवर ठेवला तर तो २००० तास ठरलेल्या मर्यादेत काम करेल. पुढे लगेच फुटतो असं नाही. आतलं इलेक्ट्रोलाइट (वाहक द्रव) रबरी बुचातून हळूहळू उडून जातं, मायक्रोफॅरड कमी होतात, ईएसआर म्हणजे आतला रोध वाढतो, त्यामुळे तो आणखी तापतो.

ढोबळ नियम असा, की तापमान १० अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट. समजा कपॅसिटर ६५ अंशांवर चालतोय आणि दोन्हींचे तास २००० आहेत. ८५ चा ८००० तास जाईल. माग रात्रंदिवस चालू असेल तर अकरा महिने. १०५ चा ३२,००० तास, म्हणजे साडेतीन वर्षांहून जास्त. किमतीत फरक थोड्या रुपयांचा, त्यासाठी काटकसर करू नका.

मायक्रोफॅरड तेच ठेवा, व्होल्ट तेवढेच किंवा एक पायरी वरचे. एसएमपीएसच्या (स्विचिंग पद्धतीच्या पॉवर सप्लायच्या) आउटपुटला मात्र लो ईएसआरचाच हवा. तिथे साधा १०५ चा लावला तर तापून लवकर जातो, आणि दोष उगाच आकड्याला लागतो.

जाळी दर आठवड्याला ब्रशने साफ करा. आणि सप्लाय उघडण्याआधी प्लग काढा. मेन्सच्या बाजूच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही ३०० व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो. रेझिस्टर लावून तो उतरवा, मीटरने बघा, मगच हात घाला.