विचारलं तर डोक्यात भरेल का?

समुपदेशनात मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न घरच्यांचा असतो. "मॅडम, जीव द्यायचं मनात येतंय का, असं सरळ विचारलं आणि त्यांच्या डोक्यात नसलेलं आपणच भरवलं तर?"

तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्षबागायतदाराची बायको सांगलीला माझ्याकडं आली ती हाच प्रश्न घेऊन. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) बाग फुलोऱ्यात असताना पाऊस लागून राहिला, दावण्या रोगानं घड गेले, फवारणीच्या औषधांच्या दुकानातली उधारी तशीच. असली वर्षं या भागाला नवीन नाहीत, आणि कर्जात बुडालेला प्रत्येक जण स्वतःच्या जिवावर उठत नाही. त्यामुळं सगळं कर्जाच्या माथी मारून आपण मोकळं होऊ नये, असं माझं मत आहे.

ती घाबरली होती वेगळ्याच गोष्टीनं. नवरा मध्यरात्री उठून अंगणात बसायचा, जेवण निम्म्यावर आलेलं. आणि एका दुपारी त्यानं सातबारा, पासबुकं, विम्याचे कागद एका कापडी पिशवीत घालून तिच्या हातात दिले. "कुठं काय हाय, तुला ठावं असू दे." त्यानंतर तो एकदम शांत झाला. सासूबाई म्हणाल्या, बरं झालं बाई, निवळला एकदाचा. हिच्या मात्र पोटात गोळा आला.

तो गोळा खरा होता. बराच काळ तगमगणारा माणूस काहीच कारण न घडता अचानक शांत होतो, निरवानिरव करायला लागतो, तेव्हा सुटकेचा श्वास टाकायचा नसतो, जास्त सावध व्हायचं असतं.

मी तिला सांगितलं, विचारा. आजच विचारा. विचारल्यानं असा विचार डोक्यात शिरत नाही. तो गैरसमज आहे, हे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. असला तर तो आधीपासूनच असतो, आणि कुणीतरी विचारल्यावर आत कोंडलेल्या माणसाला उलट हायसं वाटतं. फक्त "तुम्ही तसलं काही करणार नाही ना?" असं विचारू नका. त्यात उत्तर आपणच देऊन टाकतो. समोरच्याला मान हलवण्यापलीकडं काही उरत नाही. आणि चारचौघांत तर नकोच.

तिनं गोठ्यात धार काढताना विचारलं. "लई दिवस बघतीया. जीव द्यायचं मनात येतंय का तुमच्या?" तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "येतंय." ती रडली नाही, शपथ घातली नाही, ऐकत राहिली. मला विचाराल तर सगळ्यात अवघड काम तेच होतं.

मग कामं पटापट झाली. शेडमधली सगळी औषधं त्याच संध्याकाळी चुलतदिराच्या घरी कुलपात गेली. जीव द्यायच्या विचाराची ही तीव्र लाट पुष्कळदा काही तासांत ओसरते. तेवढ्या वेळात हाताशी साधन नसणं यानं जीव वाचतात. त्याला एकटं सोडायचं नाही, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी मिरजेला मानसोपचारतज्ज्ञांना दाखवलं. गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, हे आधीच बजावलं, कारण आठवड्यात फरक नाही म्हणून घरचेच गोळ्या बंद करतात. उधारीसाठी दुकानदाराकडं भाऊ गेला आणि हप्ते बांधून आला.

सावरल्यावर त्यानं मला एक गोष्ट सांगितली. "सगळी म्हणायची, पोरांकडं बघ. पोरांकडं बघितलं की वाटायचं, माझ्यापायीच ह्यांचं वाटोळं. मी नसलेलाच बरा." धीर द्यायला म्हणून हे वाक्य सगळेच वापरतात. कृपा करून वापरू नका.

पुढच्या वर्षी गावच्या सोसायटीच्या सभेत हा गडी स्वतःहून उठून बोलला. कर्जाचं नाही, स्वतःचं. "मी त्यातनं गेलोय. कुणाला तसं वाटत असंल तर माझ्याकडं या, रातीबी या." औषधांच्या दुकानदाराला सांगून त्यानं गल्ल्याजवळ हेल्पलाइनचा नंबर चिकटवून घेतला. फवारणीची औषधं प्रत्येकानं कुलपात ठेवावीत, किल्ली दुसऱ्याकडं असावी, हेही तो पारावर सांगत असतो. काही जण चेष्टा करतात. काहींनी कुलपं आणली.

त्या सभेत एकानं विचारलं, दवाखान्यात नेलं की पोलीस केस होती न्हवं? या भीतीनं लोक उपचाराला उशीर करतात, म्हणून स्पष्ट सांगते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं आणि त्याची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी ठरते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, असा प्रयत्न गुन्हा ठरवणारं भारतीय दंड संहितेतलं जुनं ३०९ कलम राहिलेलं नाही. सरकारी नोकरावर दबाव आणायला केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा आहे. दवाखान्यात पोलीस जबाब घ्यायला येऊ शकतात. त्यासाठी रुग्णाला घरी दडवून ठेवू नका.

दुकानातला तो नंबर १४४१६, टेलि-मानस. केंद्र सरकारची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. फोन फुकट आहे, चोवीस तास लागतो, मराठीत बोलता येतं. स्वतःसाठी करा, नाहीतर घरातल्या माणसाला कसं विचारायचं हे समजून घ्यायला करा. धोका आत्ताच दिसत असेल तर फोनवर थांबू नका. ११२ ला कळवा किंवा त्या माणसाला घेऊन थेट जवळच्या सरकारी दवाखान्यात जा.