‘काका, ते काय करत नाही की’

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला. पोरांच्या अंगाखांद्यावर लोळणारं दोन वर्षांचं लॅब्रेडॉर, आणि त्यानं शेजारच्या पोराच्या हातावर दात लावले. ‘अचानकच झालं’ असं तू तीन वेळा लिहिलं आहेस. म्हणून फोन न करता कागद घेतला. फोनवर तू मध्येच कुत्र्याची बाजू घेतोस आणि माझं बोलणं राहून जातं.

आधी त्या पोराचं बघ. नुसता ओरखडा असला तरी जखमच धरायची. वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटं धुतलं का, हे तू लिहिलंच नाहीस. आपल्याकडं चावल्या जागी हळद, चुना, तिखट भरणारी माणसं अजून आहेत, त्यांना अडव. सरकारी दवाखान्यात कातडीत देतात ती लस पहिल्या दिवशी, मग ३, ७ आणि २८ व्या दिवशी असते. रक्त आलं असेल तर जखमेतच सीरमही द्यावं लागतं. पोटातल्या १४ इंजेक्शनांचा जमाना गेला, तेव्हा त्या भीतीनं कुणी घरी बसायला नको. ‘आमच्या कुत्र्याला लस दिलेली आहे’ हे डॉक्टरला जरूर सांग, पण म्हणून पोराला लस नको हा हिशोब तू करू नकोस, तो डॉक्टरचा. कुत्रं १० दिवस नजरेखाली ठेव. चावताना त्याच्या लाळेत रोग असेल, तर एवढ्या दिवसांत ते आजारी पडून मरतंच. मात्र ते १० दिवस मोजत लस लांबवायची नाही. पिसाळी, म्हणजे रेबीज, एकदा माणसाच्या अंगात उमटली की तिच्यावर औषध नाही.

आणि खर्च त्यांनी मागण्याआधी तू द्यायचास. ‘तुमच्या पोरानंच छेडलं’ हे खरं असलं तरी त्यांच्या दारात उभं राहून बोलायचं नाही.

आता तुझं ‘अचानक’. मी खानापूर तालुक्यात जनावरांच्या दवाखान्यात ३१ वर्षं काढली. म्हशीची लाथ कधी बसणार हे मला तिच्या कानावरून कळायचं, आणि घरातल्या कुत्र्याचं मात्र कळलं नाही. आमचा वाघ्या गावठीच, नऊ वर्षांचा, मांजराचं पिल्लू पाठीवर घेऊन झोपणारा. एका दिवाळीत भावाची मुलगी त्याच्या गळ्यात पडली आणि त्यानं तिचा गाल फोडला. त्याच्या दोनच मिनिटं आधी मी माडीवरनं वहिनीला ओरडून सांगितलं होतं, ‘खेळू दे गं, ते काय करत नाही.’

दोन दिवसांनी कान तपासला तर आत पू. तीन दिवस फटाके चाललेले, त्याला झोप नाही. घरात अकरा पाहुणे. त्याची नेहमीची जागा जिन्याखाली, तिथं कुणीतरी फराळाचे डबे रचलेले. आणि पोरगी नेमकी त्याच दुखऱ्या कानाला बिलगली. यातलं एकेक त्यानं सोसलं असतं. चारही एकावर एक चढली आणि पाचवं निमित्त तिच्या गालावर निघालं. आदल्या दिवशी तो सारखा डोकं झटकत होता, भाकरी सोडून उठला होता, लहान पोरं आली की नाकावरनं जीभ फिरवून तोंड वळवत होता. मी पाहिलं होतं रे ते सगळं. पण ‘म्हातारा झालाय’ म्हणालो आणि चकली खाल्ली.

वहिनीनं मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

म्हणून तुला विचारतो, त्या दिवशी तुझ्या कुत्र्याची सकाळ कशी गेली? सगळी माणसं विणायच्या मागावर कामाला, कुत्रं नऊपासून गच्चीवर साखळीला, असं तुझ्या आईकडून कळलं. पोरगं वर गेलं तेव्हा कुत्र्यापुढं हाडूक होतं, हेही तिनंच सांगितलं. बांधलेल्या कुत्र्याला मागं सरायला जागा नसते, आणि पुढ्यात खाणं असलं की साध्या कुत्र्यालाही प्रत्येक हात चोराचा वाटतो. यात अचानक ते काय?

शेपटी हलते म्हणजे खूश, हे डोक्यातून काढ. ताठ उभी राहून बारीक थरथरणारी शेपटी खुशीची नसते. तोंड एकदम मिटतं, अंग जागच्या जागी थिजतं, मान न वळवता डोळा तेवढा फिरतो आणि कडेचा पांढरा भाग दिसतो, झोप नसताना जांभया येतात. ही सगळी ‘लांब हो’ म्हणायची त्याची रीत. त्यानंतर गुरगुर. ते गुरगुरलं की तू त्याला चपलेनं मारतोस म्हणे. ते बंद कर. मारून गुरगुर जाते, राग आत राहतो, आणि पुढच्या वेळी न सांगता दात येतात. मग लोक म्हणतात, कुत्र्याचा भरवसा नाही. गुरगुरलं की पोराला तिथनं उचलायचं, आणि कशामुळं गुरगुरलं ते नंतर शोधायचं.

पण एवढं शिकलास तरी त्याचं सगळं तुला कळेल असं मी लिहून देणार नाही. जोडीदाराचंही सगळं कळत नाही (हे तुझ्या काकूला दाखवू नकोस). म्हणून आपण चुकलो तरी दुसऱ्याचं पोर सुटलं पाहिजे, अशी घराची मांडणी करायची. गच्चीच्या जिन्याला कमरेएवढं फाटक बसव, कडी वरच्या बाजूला. खाताना आणि झोपताना त्याच्याजवळ कुणी जायचं नाही, घरचंसुद्धा. सहा-सात वर्षांखालचं पोर आणि कुत्रं मोठ्या माणसाशिवाय एका खोलीत नको. साखळी सोडव, सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास चालव. व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात फिरायला नेलंस तरी पट्टा हातात हवा. समोरनं येणाऱ्या म्हाताऱ्याला तुझं कुत्रं गरीब आहे हे कुठून ठाऊक असणार?

मुसकी घ्यायला लाजू नकोस. बैलाला मुसकी घातली म्हणून शेतकऱ्याची अब्रू गेलेली मी पाहिली नाही. जाळीची घे, त्यात त्याला धापा टाकता आल्या पाहिजेत, पाणी पिता आलं पाहिजे. आठवडाभर तिच्यात शेंगदाण्याचा कूट लावून नाक घालायची सवय कर, मग बांध. पावसाळ्यात लॅब्रेडॉरचे लोंबते कान ओले राहून पिकतात, दर रविवारी हुंगून बघ, वास आला की दवाखाना. पिसाळीची लस दरवर्षी. २८ सप्टेंबरच्या रेबीज दिनाला सरकारी जनावरांच्या दवाखान्यांत ती फुकट टोचतात. पुस्तिका आधार कार्डासारखी जपून ठेव.

जोडीला मुधोळ आणायचं तू म्हणतोस. नको. मुधोळ आपल्याच भागातलं, घोरपड्यांच्या संस्थानात नावारूपाला आलेलं, २००५ साली त्याच्यावर टपाल तिकीटही निघालं, अभिमान मलाही आहे. पण ते नजरेवर शिकार करणारं कुत्रं. ससा दिसला की त्याला मालक ऐकू येत नाही. त्याला माळ लागतो. वडगावच्या गल्लीत ससे नाहीत, सायकली आणि पळणारी पोरं आहेत.

आणि ‘आमचं बंदी घातलेल्या जातीतलं नाही’ हा तुझा मुद्दा लंगडा आहे. केंद्रानं मार्च २०२४ मध्ये २३ जातींवर बंदीचं पत्रक काढलं, ते पुढच्याच महिन्यात आपल्या कर्नाटकच्या उच्च न्यायालयानं रद्द केलं. वाघ्या तर कुठल्याच यादीत नव्हता. यादी राहो न राहो, जनावर सांभाळण्यात हयगय केली तर नव्या न्याय संहितेच्या कलम २९१ खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘नायी इदे, एच्चरिके’, ‘कुत्र्यापासून सावध’ आणि खाली इंग्रजी, अशी पाटी तू लावलीसच. बेळगावात तीन भाषा भांडणाशिवाय नांदणारी ही एकच पाटी असावी. पण चार वर्षांच्या पोराला तिन्ही वाचता येत नाहीत.

येत्या रविवारी चारनंतर त्याला घेऊन ये. रिक्षातनं नको, चालत आण, म्हणजे थोडं दमलेलं असेल. आधी फोन कर. भावाची मुलगी सध्या माहेरी आली आहे, कडेवर दीड वर्षाचं लेकरू आहे. ती दोघं माडीवर गेली आणि जिन्याचं दार लागलं, की मी फाटक उघडायला खाली येईन.

तुझा,
काका