तारण फुकट मिळतं म्हणजे नक्की काय? वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी सहज एक ओळ लिहून गेले होते की ख्रिस्ती विश्वासात तारण, म्हणजे पापातून सुटका, मोक्षच म्हणा ना, कमवायचं नसतं, देवाच्या प्रेमामुळे ते मिळतं. त्या एका ओळीवर इतके मेसेज आले की या वेळचे बाकीचे प्रश्न बाजूला ठेवले.

ताई, आमच्या शेजारच्या काकू दर रविवारी चर्चला जातात. मी त्यांना विचारलं तुमच्यात मोक्षासाठी काय करावं लागतं, तर म्हणाल्या काहीच नाही, देवाने प्रेम केलं तेच पुरेसं. मला हे पटूनच नाही राहिलं. माझी आई चतुर्थी धरते, आजोबा पंढरपूरला पायी जायचे, काही केल्याशिवाय मिळते कसं? – एक वाचक, प्रतापनगर

काकू बरोबर बोलल्या, फक्त अर्धंच बोलल्या. करायचं काहीच नाही असं नाहीये, करायचं भरपूर आहे, पण ते आधी नाही, नंतर. सगळी गोम या क्रमात आहे.

बायबलमध्ये येशूची कहाणी सांगणारी जी पुस्तकं आहेत त्यांना शुभवर्तमान म्हणतात, त्यातल्या लूकच्या शुभवर्तमानात 19व्या अध्यायात जक्कय नावाच्या माणसाची गोष्ट आहे. यरीहो गावचा मुख्य जकातदार, रोमन सरकारसाठी वसुली करायची आणि स्वतःचा खिसाही भरायचा, त्यामुळे गावात कोणी त्याला उभं करत नव्हतं. येशू गावातून चाललाय म्हणून हा बघायला आला पण बुटका, गर्दीत दिसेना, मग एवढा श्रीमंत माणूस पोरासारखा उंबराच्या झाडावर चढून बसला. येशू झाडाखाली आला, वर बघितलं, नावाने हाक मारली आणि म्हणाला लवकर खाली ये, आज मला तुझ्या घरी उतरायचंय. आता बघा, इथपर्यंत जक्कयने काय केलंय? काहीच नाही. माफी मागितली नाही, एक पैसा परत केला नाही. लोक कुरकुरले की हा पाप्याच्या घरी पाहुणा म्हणून गेला. आणि त्यानंतर जक्कय उभा राहून म्हणतो, माझं अर्धं धन गरिबांना देतो आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत करतो.

आता कोणी म्हणेल की या घराला तारण झालं हे शब्द येशू तर शेवटी बोलतो, पैसे द्यायचं कबूल झाल्यावर. खरंय. पण घरी येतो असं आधी कोण म्हणालं ते बघा ना. आधी सुधर मग येईन, असा निरोप कोणी पाठवला नव्हता. पौल, म्हणजे सुरुवातीच्या काळातला ख्रिस्ती प्रचारक, बायबलमधल्या रोमकरांच्या पत्रात 5व्या अध्यायात हेच लिहितो, आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला, म्हणजे चांगले झाल्यावर नाही.

आणि आजोबांच्या वारीबद्दल. वारकरी काही विठोबाशी हिशोब करायला जात नाही हो, तो ओढीने जातो. कवी ना. वा. टिळक म्हणायचे की तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो. या टिळकांचं नागपूरशीही नातं आहे, ते इथे आप्पासाहेब बुटींकडे कामाला होते आणि पुढे नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका युरोपियन प्रवाशाने त्यांच्या हातात नवा करार, म्हणजे बायबलचा येशूबद्दलचा भाग, ठेवला. त्यातलं येशूचं डोंगरावरचं प्रवचन वाचलं आणि ते पुस्तक त्यांना खाली ठेववेना. 1895 मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती दीक्षा, घेतला. तेव्हा तुम्ही ओळखता ती भक्ती आणि काकू सांगतात ती कृपा, म्हणजे न कमावता मिळणारं देवाचं प्रेम, यांच्यात अगदीच भिंत आहे असं मला तरी वाटत नाही, फरक आहेत, मोठे आहेत, पण भिंत नाही.

देव जर एवढा प्रेमळ आहे तर सरळ माफ करायचं ना, वधस्तंभाची भानगड कशाला? स्वतःच्या पोराला मारायला लावणारं हे कसलं प्रेम? – इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, हिंगणा रोड

प्रश्न तिखट आहे पण बरोबर जागी लागलाय, कारण आमच्यातलेच काही प्रचारक हे असं सांगतात की जणू रागावलेला देव वर बसला होता आणि येशूने मध्ये पडून मार खाल्ला. मला ती मांडणी अजिबात आवडत नाही. ख्रिस्ती विश्वास असा आहे की येशू हा तिसरा कोणी नव्हे, देवच माणूस होऊन आला, म्हणजे किंमत दुसऱ्याकडून वसूल केलेली नाही, देवाने ती स्वतःच्या अंगावर घेतली.

माफी फुकट असते ती घेणाऱ्याला, देणाऱ्याला नाही. लूकच्या 7व्या अध्यायात येशू दोन कर्जदारांची गोष्ट सांगतो, एकावर 500 दिनार कर्ज आणि दुसऱ्यावर 50. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, त्यावरून हिशोब करा. दोघांकडेही द्यायला काही नव्हतं, सावकाराने दोघांचंही माफ केलं. ते पैसे मग गेले कुठे? हवेत तर नाही गेले, ते सावकाराच्याच अंगावर पडले. वधस्तंभावर हेच घडलं असं आम्ही मानतो, आपल्या वाईटपणाचा तोटा देवाने सोसला. ते नेमकं कसं घडलं यावर हजार वर्षांपासून पंडितांची चर्चा चालू आहे, अकराव्या शतकाच्या शेवटी अॅन्सेल्म नावाच्या ख्रिस्ती पंडिताने देवाच्या मानाचं ऋण फेडलं गेलं असं मांडलं, नंतर अॅबेलार्ड या दुसऱ्या पंडिताने भर दिला तो यावर की ते प्रेम बघून माणसाचं मन पालटतं. मला दोन्हीत तथ्य दिसतं.

आयुष्यभर लुच्चेगिरी करायची आणि मरताना सॉरी म्हटलं की स्वर्ग? मग आम्ही प्रामाणिकपणे जगून राहिलो ते काय येड्यासारखं? – निवृत्त बँक कर्मचारी, मानेवाडा

काका, तुमचा राग मला समजतो आणि येशूलाही माहीत होता, कारण त्याने या रागावरच गोष्ट सांगितली, मत्तयच्या शुभवर्तमानात, 20वा अध्याय. आपल्याकडे सकाळी ठिय्यावर मजूर उभे असतात ना, तसेच तिथे बाजारात उभे होते. द्राक्षमळ्याचा मालक पहाटे काही जणांना एक दिनार ठरवून घेऊन गेला, मग नऊला, बाराला, तीनला गेला आणि संध्याकाळी पाचला पण गेला, तर तेव्हाही काही जण उभेच. विचारलं दिवसभर रिकामे का उभे आहात तर म्हणाले आम्हाला कोणी कामावरच घेतलं नाही. संध्याकाळी सगळ्यांच्या हातावर एकेक दिनार. सकाळपासून उन्हात राबलेले चिडले, आणि नागपूरचं मे महिन्याचं ऊन ज्याने खाल्लंय तो त्यांची बाजू लगेच घेईल. मालक म्हणतो, तुझं ठरलेलं मी कापलं का? मग मी उदार आहे हे तुला का खुपतं?

यात मला नेहमी पाचला उभे असलेलेच दिसतात. पाच वाजेपर्यंत ठिय्यावर कोण उरतं? म्हातारा, आजारी, ज्याला बघून ठेकेदार पुढे जातो तो. त्याच्या घरीही संध्याकाळी चूल पेटवायची असते. एका दिनाराच्या खाली त्या घराचं भागत नाही.

आता मरताना सॉरीचं. येशूच्या बाजूला वधस्तंभावर एक गुन्हेगार होता, त्याने शेवटच्या घटकेला आठवण ठेव म्हटलं आणि आज तू माझ्यासोबत सुखलोकात असशील असं त्याला उत्तर मिळालं. तेव्हा हो, शेवटच्या क्षणीही मिळतं. पण जो प्लॅन करून बसलाय की आता लुटून घेतो, मग मरताना सॉरी म्हणतो, त्याला सॉरी वाटलेलंच नाही ना, तो देवालाही गंडवायला निघालाय. कृपा वाढावी म्हणून पाप करत राहायचं का, असा प्रश्न पौलाने रोमकरांच्या 6व्या अध्यायात स्वतःच उभा केला आणि मुळीच नाही असं उत्तरही दिलं. आणि प्रामाणिकपणे जगणं ही शिक्षा थोडीच आहे की दुसरा तिच्यातून सुटला म्हणून आपला तोटा व्हावा?

सदरमध्ये दोन कॅथेड्रल आहेत, एक कॅथलिक, एक सीएनआयचं (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, प्रोटेस्टंट). दोघांचं तारण वेगवेगळं आहे का? – एक वाचक, छावणी

नाही. भांडण यावर होतं की विश्वासाने तारण मिळतं म्हटल्यावर चांगल्या कामांची जागा कोणती, 1517 पासून त्यावर युरोप फुटला. पण 31 ऑक्टोबर 1999 ला जर्मनीत ऑग्सबर्गला कॅथलिक आणि लुथरन (ही प्रोटेस्टंटांतलीच एक शाखा) चर्चनी एकत्र सही केली की तारण केवळ कृपेने मिळतं, आपल्या पुण्याईने नाही, आणि सत्कर्मं ही त्याची फळं. तपशिलात अजून मतभेद आहेत. बाकी एकत्र येण्याच्या बाबतीत आपलं नागपूर जरा आधीच पुढे गेलं, 29 नोव्हेंबर 1970 ला सहा वेगवेगळे चर्च मिळून सीएनआय स्थापन झालं ते इथेच, सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये.

मी जन्मापासून ख्रिश्चन आहे, संडे स्कूल, कॉयर सगळं केलं, पण देव माझ्यावर प्रेम करतो असं मला आतून कधी वाटलंच नाही. दुसऱ्यांवर करत असेल. मी कुठे चुकतेय? – एक वाचक, मोहननगर

बाळा, तू चुकत नाहीयेस. पंडिता रमाबाईंचं बघ. 1883 मध्ये इंग्लंडला असताना सिस्टर लोकांनी त्यांना लंडनमधल्या फुलहॅमला नेलं, समाजाने टाकलेल्या बायकांना तिथे मायेने वागवत होते ते बघून त्या चाट पडल्या. असं का करता विचारलं तर उत्तरात योहानच्या शुभवर्तमानातली, 4थ्या अध्यायातली गोष्ट सांगितली, येशू भरदुपारी विहिरीवर शोमरोनी बाईशी बोलला ती. शोमरोनी म्हणजे ज्यांच्याशी येशूचे यहुदी लोक संबंधच ठेवत नसत. पाच नवरे झालेली, आता ज्याच्यासोबत राहते तोही नवरा नाही, आणि हा तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. रमाबाईंना ते भिडलं, बाप्तिस्मा झाला. तरी त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की पुढची सुमारे 8 वर्षं आपल्याला ख्रिस्ताचा धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. एवढी मोठी विदुषी, निराधार बायकांसाठी मुक्ती मिशन उभारणारी, तिला 8 वर्षं लागली, तू का घाई करतेस?

एक सांगते, कॉयर, उपास, डायरीत लिहिलेली वचनं हे सगळं आपण कधीकधी देवाने आपल्याकडे बघावं म्हणून करतो, म्हणजे ओठांवर कृपा आणि आत तोच जुना हिशोब, आमच्या मंडळीत असे निम्मे निघतील. थोडे दिवस काही करू नकोस. आणि हे वाटणं जर फक्त देवाबद्दल नसून सगळ्यांबद्दलच असेल, झोप लागत नसेल, जीव नकोसा होत असेल तर पाळकांशी बोलच पण डॉक्टरांनाही भेट, त्याने विश्वास कमी होत नाही.

माझी आजी कधी चर्चमध्ये गेली नाही, येशूचं नावही तिला नीट माहीत नव्हतं, पण तिच्यासारखी माणूस मी पाहिली नाही. तिचं काय? – एक वाचक, कामठी

ख्रिस्ती लोकांत यावर एकमत नाही हे सरळ सांगते. कॅथलिक चर्चने 1964 मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत म्हटलं की ज्यांना स्वतःच्या दोषाशिवाय शुभवर्तमान कळलं नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि विवेकाप्रमाणे वागतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. बरेच प्रोटेस्टंट याच्याशी सहमत नाहीत, ते विश्वास उघड कबूल करण्यावर भर देतात. माझं मत विचाराल तर ज्याने झाडावर बसलेल्या माणसाला नावाने हाक मारली त्याच्या हाती आजीला सोपवायला मला भीती वाटत नाही. आणि जो कोणी तुम्हाला छातीठोकपणे सांगतो की अमुक नरकात गेली, त्याला विचारा, यादी तुझ्याकडे कधी दिली?

वाचायला कुठून सुरुवात करू? धर्म बदलावा लागेल का? – तीन-चार जणांनी विचारलं

वाचायला धर्म बदलावा लागत नाही. लूकचं शुभवर्तमान घ्या, 24 अध्याय आहेत, पण आधी 15वा वाचा, घर सोडून गेलेल्या मुलाचा. धाकटा उकिरड्यावरून परत येतोय आणि म्हातारा बाप लाजलज्जा सोडून रस्त्यावर पळत सुटतो, ते सगळ्यांना माहीत असतं. तुम्ही थोरल्याकडे लक्ष द्या, तो बाहेर उभा राहून तेच म्हणतो जे मानेवाड्याचे काका म्हणतायत, आणि बाप त्याचीही समजूत काढायला बाहेर येतो. थोरला आत गेला की नाही ते येशूने सांगितलंच नाही. पुढच्या अंकासाठी काकांनी कळवावं त्यांना काय वाटतं ते.